पहिला घास

तिघीजणी दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि दार उघडायची वाट बघू लागल्या.

एप्रनना कडक इस्त्री होती, केस जाळीत कोंबलेले होते. स्वयंपाकिणीने कोरडे हात पुन्हा एकदा पुसले. धाकटीने टेबलावरचा नसलेला डाग घासला. मास्तरीण अशी ताठ उभी होती, जणू शाळेत तपासणीला साहेब येणार आहेत. काचेपलीकडे रस्त्यावर वर्दळ होती. मधूनच कुणी थांबायचं, पाटी वाचायचं, आत डोकवायचं, आणि तीन बायका आपल्याकडेच टक लावून बघतायत हे लक्षात आलं की मुकाट पुढे सटकायचं.

शेवटी रस्त्यापलीकडून जेलरबाई तरातरा आल्या आणि त्यांनी बाहेरून दार ढकललं. ते लगेच उघडलं.

"काय चाललंय काय? गिऱ्हाइकं परत जातायत!"

"कुलूप होतं ना, बाई," धाकटी म्हणाली.

"कुठलं कुलूप? नुसतं लोटलेलं आहे."

तिघी दाराकडे बघत राहिल्या. मग मास्तरीण घसा खाकरून म्हणाली, "चूक झाली, बाई. आत असताना दार आम्ही उघडत नाही. कुणीतरी उघडतं, मग आम्ही निघतो. सवयच गेली."

जेलरबाई चांगली खरडपट्टी काढायच्या बेताने आल्या होत्या, पण तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. त्यांनी बाहेरून एक वीट आणली आणि दाराला लावून ठेवली. "आता वारा आला तरी बंद होणार नाही," त्या म्हणाल्या. "लागा कामाला."

खानावळ तुरुंगाच्या भिंतीला चिकटून होती, तोंड मात्र रस्त्याकडे. पूर्वी इथे भेटीला आलेले नातेवाईक ताटकळत बसायचे. शिक्षा भोगणाऱ्या बायकांनी शिजवावं आणि रस्त्यावरच्या माणसांनी पैसे मोजून खावं, ही कल्पना जेलरबाईंची. त्यासाठी त्यांनी वरच्या कचेरीचे उंबरठे झिजवले होते. नावावरूनही बराच खल झाला. धाकटीने 'जन्मठेप भोजनालय' सुचवलं, ते एकमताने फेटाळलं गेलं. शेवटी पाटीवर 'शेजार' असं लिहिलं. तुरुंगाचा शेजार कुणाला आवडत नाही, पण नाव बरं वाटत होतं.

तिघीही खुनाच्या गुन्ह्याखाली आत होत्या. धाकटीची आणि मास्तरणीची हकिगत फार कुणाला ठाऊक नव्हती. स्वयंपाकिणीची मात्र गावाला तोंडपाठ होती. तिने नवऱ्याला जेवणातून विष दिलं होतं. दिलं होतं यात वाद नव्हता, तिनेच पोलिसांना बोलावून सांगितलं होतं. पुढे मोबाइलवर ऐकायचा 'खुनी बायका' नावाचा एक कार्यक्रम निघाला आणि त्यात तिच्यावर अख्खा भाग झाला. त्यात व्हायोलिन होतं, तिच्या नावाने बोलणारी नटी खर्जात हसायची, आणि एक प्रियकरही होता. त्या प्रियकराची बातमी स्वयंपाकिणीला इतरांबरोबरच कळली.

विष घालणारीला तुरुंगात कुणी चुलीजवळ फिरकू देत नाही. वर्षानुवर्षं ती पिशव्या शिवत होती. मग एकदा तापाची साथ आली, भटारखान्यातल्या सगळ्या आडव्या झाल्या आणि जेलरबाईंनी नाइलाजाने तिच्या हाती डाव दिला. त्या दिवशी बराकीत जेवणावरून भांडण झालं नाही. ताटं चाटूनपुसून परत आली. एक बाई तर रिकाम्या ताटाकडे बघून रडायलाच लागली, का ते तिलाही सांगता येईना. हिच्या हाताला चव आहे, असं त्या दिवसापासून सगळ्या म्हणू लागल्या.

पण वरच्या कचेरीतले मोठे साहेब ऐकायला तयार नव्हते. "विष घालणारीच्या हाती खानावळ? उद्या कुणाला साधी उचकी लागली तरी वर्तमानपत्रवाले मला सोलून काढतील," ते जेलरबाईंना म्हणाले होते. शेवटी त्यांनी एक अट घातली. पहिल्याच दिवशी दुपारी मी येईन. लोक जेवत असतील तर चालू दे. नसतील तर खानावळ कंत्राटदाराकडे आणि ही बाई पुन्हा शिवणयंत्रावर.

स्वयंपाकिणीला शिवणयंत्राचं वावडं नव्हतं. तिला हवं होतं ते वेगळंच. बराकीतल्या बायका तिच्या हातचं खात, पण त्यांना दुसरं काय मिळणार होतं? ज्याला उठून दुसरीकडे जाता येतं, अशा माणसाने आपल्या हातचं एकदा पोटभर खावं, एवढीच तिची इच्छा होती. ती तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती. आज पहाटेपासून ती वाटाणा-बटाट्याच्या रश्शावर वाकून उभी होती, आणि रस्सा असा जमला होता की वासानेच शिपाईण दोनदा उगाच आत येऊन गेली.

दार उघडं राहिल्यावर माणसं येऊ लागली. आली ती मात्र बघायला. एका कोपऱ्यात एक तरुणी कानातले इअरफोन गळ्यात टाकून बसली आणि तिने बंद बाटलीतलं पाणी मागवलं. झाकण घट्ट आहे ना, हे तिने उजेडात धरून तपासलं.

"तुम्हीच ना त्या?" तिने स्वयंपाकिणीला विचारलं. "तुमचा भाग मी दोनदा ऐकलाय. माझा सगळ्यात आवडता."

"बरं."

"भीती नाही वाटली? म्हणजे... ते करताना?"

"अजून पाणी देऊ?" स्वयंपाकीण म्हणाली.

खरी पंचाईत पुढेच होती. तुरुंगात एक नियम होता, त्याला सगळ्या 'पहिला घास' म्हणत. शिजवणारीने प्रत्येक पातेल्यातलं थोडं आधी स्वतः खायचं, पहाऱ्यावरच्या शिपाईणीसमोर. शिपाईण थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहायची, मग मान हलवायची, आणि त्यानंतरच डाव ताटाला लागायचा. नियम इतका जुना होता की तो कुणाला दिसेनासा झाला होता. उलट जेलरबाईंनीच सुचवलं होतं की बाहेर तर हे गिऱ्हाइकासमोरच करा, म्हणजे लोकांना विश्वास वाटेल. मास्तरणीला ते पटलं, धाकटीला पटलं, शिपाईणीला पटलं. अशी चूक भिंतीच्या आतली माणसंच करू जाणे.

एक गृहस्थ धीर करून बसले. भात, रस्सा, पाव मागवला. ताट आलं. त्यामागून स्वयंपाकीण आली, तिच्यामागून गणवेशातली शिपाईण. स्वयंपाकिणीने गंभीरपणे चमच्याने रस्सा घेतला, भात घेतला, पावाचा तुकडा मोडला, चावला, गिळला. शिपाईण तिच्या गळ्याकडे बघत राहिली. गृहस्थही बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला. शिपाईणीने समाधानाने मान हलवली, तोवर खुर्ची रिकामी झाली होती.

दुसरीकडे एक जोडपं तेवढा वेळही थांबलं नाही. पोराला काखोटीला मारून बाप निघाला, आई मागून पर्स सावरत पळाली.

"अगं, असं का होतंय?" धाकटी मुदपाकखान्यात येऊन कळवळून म्हणाली.

मास्तरणीच्या आता लक्षात आलं. तिने कपाळाला हात लावला. "आपण त्यांना आठवण करून देतोय. प्रत्येक ताटाबरोबर."

"मग नको करूया."

"नियम मोडला तर साहेबांना आयतंच कोलीत मिळेल," शिपाईण म्हणाली. तीही मनातून खट्टू झाली होती. तिला सकाळपासून रस्सा खायचा होता.

पातेल्यातला रस्सा आटू नये म्हणून स्वयंपाकिणीने आच कमी केली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर टेबलं माणसांनी भरली होती आणि प्रत्येक टेबलावर फक्त पाण्याच्या बाटल्या होत्या. लोक मोबाइल उंच करून तिच्या दिशेने धरत होते. साहेब येण्याची वेळ होत आली होती. आपलं हे आयुष्य आता पिशव्या शिवण्यातच जायचं, असं तिला स्पष्ट दिसू लागलं, आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते एप्रनने पुसले नाहीत, एप्रन स्वच्छ राहायला हवा होता.

तेवढ्यात बाहेरची कुजबुज एकाएकी थांबली.

दारातून एक म्हातारी आत आली. एका हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. तिने कुणाकडे न बघता मधलं टेबल गाठलं, खुर्ची ओढली, बसली आणि हुश्श केलं. कोपऱ्यातली तरुणी अर्धवट उठली. "ही त्याची आई," ती शेजाऱ्याला म्हणाली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मेलेल्याची. कार्यक्रमात होती ही, फोटोही टाकला होता. खूप रडली होती."

स्वयंपाकीण पडद्याआडून बघत होती. सासूला तिने कोर्टानंतर पाहिलं नव्हतं. कोर्टात म्हातारी पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "हिच्या हातचं खाऊन माझा मुलगा गेला." ते खरंच होतं. एवढं बोलून ती गप्प झाली होती, आणि वकिलाने स्वयंपाकिणीला विचारलं होतं, घरात दुसरं काही घडत होतं का, सासूबाईंना मी बोलतं करू का? तिने नको म्हटलं होतं. म्हातारीने जी गोष्ट पदराखाली झाकून ठेवली होती, ती चारचौघांत ओढून काढायला तिचं मन धजावलं नव्हतं.

"काय आहे आज?" म्हातारीने धाकटीला विचारलं.

"भात, रस्सा, पाव... पण आजी, तुम्ही..."

"मला त्या कार्यक्रमवाल्यांनी फोन केला. तुमच्या मुलाच्या खुनी बाईने खानावळ काढलीय, तुम्हाला काय वाटतं, म्हणून विचारत होते. म्हटलं, न बघता काय सांगू? जाऊन बघते." तिने काठी टेबलाला टेकवून ठेवली. "आण ताट. लांबून आलेय, पोटात कावळे ओरडतायत."

ताट स्वयंपाकिणीने स्वतः आणलं. चालताना भात हलत होता. शिपाईण मागून आली. आजूबाजूला सगळे मोबाइल वर झाले. स्वयंपाकिणीने सासूकडे न बघता ताट खाली ठेवलं आणि सवयीने चमचा उचलला.

"हे काय?" म्हातारी म्हणाली.

"नियम आहे, आजी," शिपाईण ओशाळून म्हणाली. "आधी ती खाते. मग तुम्ही."

"कशाला?"

"म्हणजे... खात्रीसाठी."

म्हातारीने मान वर करून सुनेकडे पाहिलं. केस पिकले होते, खांदे उतरले होते.

"आमच्या घरात ही कधी आधी जेवली नाही," ती म्हणाली. "सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी उभी राहून. उरलं तर. आज कसली ही आधी जेवते?" तिने सुनेच्या हातातला चमचा काढून घेतला. "हो बाजूला. आधी मला खाऊ दे."

शिपाईणीने तोंड उघडलं. मग मिटलं. नियमात शिजवणारीने खायचं हे लिहिलं होतं, सासूने चमचा काढून घेतला तर काय करायचं हे लिहिलं नव्हतं.

म्हातारीने डाव्या हाताने रस्सा कालवला आणि पहिला घास घेतला. चावला. गिळला. तिने दुसरा घेतला, मग पाव मोडला. घाई नव्हती, पण थांबतही नव्हती. स्वयंपाकीण तिथेच उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि या वेळी तिने एप्रनची पर्वा केली नाही.

कोपऱ्यातली तरुणी मोबाइल धरून जवळ आली होती. म्हातारीचं तिच्याकडे लक्ष गेलं.

"चित्र घेतेस?"

तरुणी गोंधळली. "नाही, म्हणजे... हो."

"घे, नीट घे. हाही घे." तिने उजवा हात टेबलावर ठेवला. मनगट भलत्याच बाजूला वळलेलं होतं, बोटं मिटत नव्हती. "मुलाने दार आपटलं होतं. मध्ये माझा हात आहे हे त्याला दिसत होतं. ही सोडवायला आली तर हिला जिन्यावरून खाली लोटलं. तुमच्या कार्यक्रमात हे नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं. कोर्टातही नाही. लाज वाटायची. पोटचा होता."

ती पाणी प्यायली.

"त्याच्यासाठी रडते मी अजून. ते कुणी पुसू नका. हिने केलं ते केलं, त्याची शिक्षा ही भोगतेय. पण त्या एका ताटाखेरीज हिच्या अन्नात कधी खोट होती असं कुणी म्हणेल, तर ते मी नाही ऐकून घेणार." तिने ताट पुढे सरकवलं. "रस्सा घाल अजून. भात राहिलाय."

स्वयंपाकीण धावली. अक्षरशः धावली. पातेल्यावरचं झाकण तिच्या हातून निसटून खणखणत फरशीवर पडलं आणि वाटाण्याचा वास साऱ्या खोलीत भरला.

कोपऱ्यातल्या तरुणीने मोबाइल पर्समध्ये टाकला. ती म्हातारीच्या समोरची खुर्ची ओढून बसली. "मला पण एक ताट," ती धाकटीला म्हणाली. मग पाठीमागून कुणी दोन मागितली. खिडकीशी बसलेल्या माणसाने आधी आजूबाजूला पाहिलं आणि मग जरा जास्तच मोठ्याने हाक मारली. पहिल्या घासाची आठवण कुणी काढली नाही. शिपाईण तेवढी कर्तव्यबुद्धीने एक वाटी रस्सा स्वतः प्यायली आणि तिने सर्वांदेखत मान हलवली. त्यावर खानावळीत हशा पिकला.

त्यानंतर कुणाला उसंत मिळाली नाही. मास्तरीण गल्ला सोडून पाव कापू लागली. धाकटी ताटं नेताना गाणं म्हणत होती, अगदी बेसूर, आणि कुणी तिला गप्प करत नव्हतं. मघाशी पळालेलं जोडपं पोराला घेऊन परत आलं. पोराने बोटं चाटली आणि अजून हवं म्हणून भोकाड पसरलं. दाराबाहेर रांग लागली. रस्त्यापलीकडे जेलरबाई उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून नुसत्या बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं जे कैद्यांनी पाहिलं तर शिस्त बिघडली असती.

मोठे साहेब आले ते रांगेतून वाट काढत. त्यांना वाटलं, आत काहीतरी लफडं झालंय. एकाने त्यांना दरडावलंच, "ओ, मागे लागा."

आत येऊन त्यांनी टेबलांवरून नजर फिरवली. सगळीकडे माणसं जेवत होती, काही तर उभी राहून. त्यांनी गल्ल्याशी येऊन मास्तरणीला हळू आवाजात विचारलं, "कुणी सुरुवात केली?"

मास्तरणीने हाताने दाखवलं. "मयताच्या आईने."

साहेबांनी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी समोरच्या तरुणीला पाव रश्शात किती वेळ बुडवायचा ते शिकवत होती. मग त्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि जरा चाचरत म्हणाले, "मलाही... एक ताट मिळेल का?"

स्वयंपाकीण पातेलं तिरपं करून आत बघत होती. तळाला एक वाटाणाही नव्हता. ती बाहेर आली. तिचा चेहरा घामाने आणि आचेने लाल झाला होता. इतक्या वर्षांत साहेबांशी बोलताना तिने मान वर केली नव्हती. आज केली.

"संपलं, साहेब."

"सगळं?"

"सगळं संपलं," ती म्हणाली. या शब्दात इतका आनंद असू शकतो, हे तिला माहीत नव्हतं. ती पुन्हा म्हणाली, "एवढं मोठं पातेलं होतं. संपलं."

साहेबांनी मान डोलावली. जाताना दाराशी त्यांचा पाय विटेला लागला, तर त्यांनी वाकून ती वीट पुन्हा नीट लावली.

हळूहळू माणसं पांगली. तरुणी म्हातारीच्या पाया पडावं की नाही ते न ठरवता नुसतीच हात हलवून गेली. धाकटी खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवू लागली. म्हातारीने पिशवी खांद्याला लावली, काठी घेतली आणि उठली. स्वयंपाकीण तिच्यासमोर येऊन उभी राहिली. सॉरी म्हणायचं, तर कशाबद्दल आणि कुठून सुरुवात करायची? आभार मानायचे, तर त्याला शब्द कुठून आणायचे?

म्हातारी इकडेतिकडे बघत राहिली. पूर्वी रोज संध्याकाळी, भांडी घासून झाली की, ती सुनेला दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकाचा एकच प्रश्न विचारायची. तोच तिच्या तोंडून निघून गेला.

"उद्या काय करणारेस?"

"तुम्ही सांगाल ते, आई."

म्हातारीने थोडा विचार केला. मग तिने धाकटीने उलटी केलेली खुर्ची टेबलावरून खाली घ्यायला लावली, पिशवी मांडीवर घेतली आणि पुन्हा बसली.